पाचव्या मजल्यावरची खुर्ची

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि जिन्याच्या पायरीपायरीवर एकेक छाती धपापत होती. कुणी कठडा धरून उभे, कुणी भिंतीला टेकलेले, कुणी नुसतेच तोंड उघडून. पहिल्या मजल्यावर लोक गप्पा मारत होते. दुसऱ्यावर गप्पा तुटक झाल्या. तिसऱ्यावर सगळे गप्प. आणि चौथ्यावर एक पोक्त बाई डावा खांदा दाबत मोठ्या कौतुकाने म्हणत होत्या, "दुखायला लागलं बाई एकदाचं! आता जवळ आलो."

छातीत दुखायला लागले म्हणून हरखून जाणारी माणसे मी आयुष्यात तिथेच पाहिली.

पाचव्या मजल्यावर खुर्चीबाबा बसत. म्हणजे ते स्वतः गादीवर बसत, खुर्चीत बसे तो आजारी. फक्त हृदयाचे आजारी, बाकीच्यांना तिथे वाव नव्हता. नियम एकच. गुण हवा असेल त्याने आपल्या पायांनी पाच मजले चढून यायचे आणि वाटेत बूड टेकायचे नाही. वर पोचेपर्यंत छातीत कळ आली की बाबांचा चेहरा खुलायचा. "आला! अडथळा बाहेर आला!"

मग आजाऱ्याला खुर्चीत बसवत. डोळे मिटायचे, हात दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, बोलायचे नाही, हलायचे नाही. आणि बाबांची टकळी सुरू व्हायची.

"हृदय म्हणजे पंप, असं तुम्हाला शिकवलंय. मी विचारतो, पंपाला कधी आईची आठवण येते का? नाही ना? मग! आता तुमच्या पेशीपेशीत स्थिरतरंग शिरतोय. एकदम क्वांटम पातळीवर. डॉक्टरांची यंत्रं तिथवर पोचत नाहीत. त्यांचा दोष नाही हो, बिचारे शिकलेले आहेत."

एवढ्यात खुर्ची हळूच चार बोटे वर उचलली जायची. जमावाच्या तोंडून "आहाहा" निघायचे. सातव्या मिनिटाला आजारी डोळे उघडून सांगायचा, "गेली! कळ गेली!" आणि ती खरेच गेलेली असायची. हे मी प्रामाणिकपणे सांगतो. कुणी खोटे बोलत नव्हते. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, ज्याच्या दंडाची गोलाई माझ्या मांडीएवढी, तो तर लहान मुलासारखा रडला होता.

त्यावर कळस म्हणजे दुसरी चढण. बाबा हुकूम सोडत, "आता खाली जा आणि पुन्हा चढून या." लोक जायचे, पुन्हा चढायचे, आणि या खेपेला कळ यायचीच नाही, किंवा आलीच तर अगदी शेवटच्या पायरीवर, नावापुरती. आता बोला! एवढे झाल्यावर कोणाची टाप होती शंका काढायची?

मी हे सगळे हातात हत्यारांची पेटी घेऊन बघत असे. मी लिफ्टचा मेकॅनिक. त्या इमारतीला लिफ्ट होती. तळमजल्यावर तिच्या दारावर पाटी लटकत होती: 'लिफ्ट नादुरुस्त आहे. श्रद्धा दुरुस्त ठेवा.' त्यातले पहिले वाक्य माझे होते, दुसरे इमारतीच्या सेक्रेटरींचे.

आता खरे सांगून टाकतो, म्हणजे पुढे लाज वाटायला मोकळा. लिफ्टला काहीही झालेले नव्हते. चौदा महिन्यांपूर्वी दाराचे कुलूप गेले होते, ते मी अर्ध्या तासात बदलले. तेवढ्यात सेक्रेटरी खाली आले आणि म्हणाले, "राहू द्या बंदच. चढणं तब्येतीला चांगलं. शिवाय बाबांची तशी इच्छा आहे." माझ्याकडे एकतीस लिफ्टा. एक कमी झाली तर माझे काय जाणार होते? मी वरच्या मशीनरूममधला मुख्य स्विच पाडला, तिथली एक किल्ली सेक्रेटरींना दिली आणि दर महिन्याला तपासणीच्या वहीत 'दुरुस्ती चालू' असे लिहून सही ठोकत राहिलो. बाबांनी लोकांना फसवले असे म्हणायला मी कोण, त्यांच्यासाठी लिफ्टला टाळे मीच लावले होते.

हे असेच चालले असते. पण जिन्यावरच्या त्या छात्यांमध्ये एक छाती माझ्या ताईची निघाली.

ताईचे इस्त्रीचे दुकान आहे. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. लोकांच्या शर्टांवर इस्त्री फिरवून ताईने मला शिकवले, म्हणून आज माझ्या हातात पेटी आहे. वर्षभरापूर्वी तिच्या छातीत दुखायला लागले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की हृदयाला रक्त नेणारी एक नळी अरुंद झाली आहे, रोजच्या गोळ्या घ्या, कळ आली तर जिभेखाली ठेवायची गोळी जवळ बाळगा, आणि नळ्यांची तपासणी करायला या. ताईने दोन महिने गोळ्या घेतल्या. मग कुठल्याशा गिऱ्हाइकाने तिला खुर्चीचा पत्ता दिला. बाबा म्हणाले, "गोळी आणि खुर्ची एकत्र नांदत नाहीत." गोळ्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या.

मी दुकानात जाऊन म्हणालो, "ताई, त्या गोळ्या परत सुरू कर."

ती इस्त्री न थांबवता म्हणाली, "तू आधी ती लिफ्ट सुरू कर. चौदा महिने झाले, एक लिफ्ट होत नाही तुझ्याच्यानं, आणि मला शिकवायला आलाय!"

मी पेटी उचलली आणि निघालो.

पुढच्या शनिवारी तपासणीची सही करायला गेलो, तर तिसऱ्या मजल्यावर बेकरीवाला घामाघूम उभा. छाती धरलेली. "मेकॅनिक," तो पुटपुटला, "बसायची परवानगी नाही, पण पडलो तर चालेल का?"

मी पेटी खाली ठेवली. "बसा हिच्यावर. बाबांना मी सांगतो, पेटी म्हणजे काही जमीन नव्हे."

तो बसला. मी उगाच लिफ्टच्या दाराचे रूळ पुसत बसलो. सहा-सात मिनिटे गेली असतील. बेकरीवाल्याने मान वर केली आणि एखाद्याची बस चुकावी तसे तोंड करून म्हणाला, "अहो... गेली."

"काय गेलं?"

"कळ! पण मी अजून वर पोचलोच नाही!"

आम्ही दोघेही पेटीकडे बघू लागलो. पत्र्याची पेटी, झाकणाला पोचा आलेला, आत पाने आणि ग्रीसचा डबा. मला वाटले, आता याच्या डोक्यात उजेड पडणार. पण तो उठला, हात जोडले आणि गहिवरून म्हणाला, "काय ताकद आहे! तिसऱ्या मजल्यापर्यंत येतात तरंग!"

आणि वर चढू लागला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

त्याच दिवशी मी मशीनरूममध्ये डोकावलो. लिफ्टच्या पॅनेलवर एक छोटा आकड्यांचा काउंटर असतो, लिफ्टने किती फेऱ्या केल्या ते मोजणारा. आमच्या धंद्यात लोकांच्या शब्दांपेक्षा त्याच्यावर भरवसा जास्त. बंद लिफ्टचा काउंटर महिन्याभरात साठ फेऱ्यांनी पुढे गेला होता. रोज दोन. म्हणजे कुणीतरी रोज सकाळी वर जात होते आणि संध्याकाळी खाली येत होते. पाचव्या मजल्यावर रोज सकाळी येणारा आणि संध्याकाळी जाणारा माणूस एकच होता, आणि तो श्रद्धेने जिना चढणाऱ्यांपैकी नव्हता.

मी तडक ताईकडे गेलो. पेटीचे सांगितले, काउंटरचे सांगितले. लिफ्ट बंद कोणी ठेवली एवढे मात्र सांगितले नाही. तेवढी हिंमत झाली नाही.

ताई शांतपणे म्हणाली, "बरं. बसल्यानं कळ जाते, मान्य. मग दुसरी चढण? पहिल्यांदा मला तिसऱ्या मजल्यावर दुखतं. बसून उठून पुन्हा चढले की पाचव्यापर्यंत काही नाही. पायऱ्या त्याच, मी तीच. सांग ना आता!"

ताई जिंकली.

इस्पितळाची लिफ्टही माझ्याकडेच आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आत शिरल्या तशी मी त्यांना गाठले आणि दोन मजल्यांच्या मध्ये सगळी हकिकत सांगितली. त्यांनी तिसऱ्याचे बटण दाबले होते, पण उतरल्याच नाहीत. लिफ्ट दोनदा वरखाली झाली.

"हृदयाचा स्नायू जन्मभर सुट्टी घेत नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्याकडे साठाही नसतो. ऊर्जेची शिल्लक जेमतेम काही ठोक्यांपुरती. लागेल तशी करायची आणि खर्चायची. एरवी तो जास्त करून चरबी जाळतो, त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो. जिना चढताना काम वाढतं, पण अरुंद नळीतून रक्त वाढत नाही. मग तो नाइलाजानं ऑक्सिजनशिवाय साखर मोडायला लागतो. त्यातून ऊर्जा मिळते चिमूटभर, आणि आम्ल नि काय काय साचत जातं. ते दुखतं."

"आणि बसलं की?"

"काम उतरतं. येतंय तेवढं रक्त पुरतं. साचलेलं धुऊन जातं, कळ थांबते. खुर्चीत थांबते, पायरीवर थांबते, तुमच्या पेटीवरही थांबते."

"मग दुसऱ्या खेपेला का दुखत नाही?"

बाई हसल्या. "तुमच्या बहिणीचा प्रश्न फार चांगला आहे. भल्याभल्यांनी डोकं खाजवलंय त्यावर. एकदा थोडा वेळ उपाशी राहिलेला स्नायू पुढचा तास-दीड तास हात राखून खर्च करतो. त्यामुळे दुसऱ्यांदा कळ उशिरा येते किंवा कमी येते. नळी होती तेवढीच अरुंद असते. पुढच्या वेळी पहिल्या चढणीला पुन्हा तिसऱ्या मजल्यावर दुखतंच की नाही, विचारा त्यांना."

विचारायला कशाला हवे? दर शनिवारी दुखत होते. म्हणून तर दर शनिवारी यायचे होते.

"पण ऐका," बाईंचा आवाज बदलला. "हे सगळं नळी अरुंद आहे तोवर. ज्या दिवशी ती बंद होईल, त्या दिवशी कितीही बसलं तरी कळ थांबणार नाही. अर्ध्या तासाच्या आत स्नायू मरायला लागतो, आणि मेलेला परत येत नाही. बसून पाच मिनिटांत थांबलं नाही, तर सरळ इथे आणायचं. वाट बघायची नाही."

ताईने सगळे ऐकून घेतले. दुसऱ्या चढणीचे उत्तर ऐकून जरा घुटमळलीही. मग म्हणाली, "या शनिवारी खुर्चीतली माझी शेवटची बैठक आहे. तेवढी होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येते." मी मनात ठरवले, शनिवारी सकाळी लवकर जायचे आणि लिफ्ट सुरू करून ठेवायची. निदान ताईला चढू द्यायचे नाही.

आणि नेमकी त्याच सकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाची एक लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली, आत तीन माणसे. त्यांना बाहेर काढून पोचेपर्यंत सव्वादहा झाले.

ताई खुर्चीत होती. चेहरा राखेसारखा. कपाळावरचा घाम गळ्यापर्यंत आलेला. बाबा हात वर करून जमावाला सांगत होते, "एवढा मोठा अडथळा मी आजवर पाहिला नाही! पहाड आहे पहाड! बाहेर पडताना त्रास द्यायचाच!" खुर्ची तर जाईल तितकी वर गेलेली. मागे सेक्रेटरी एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने खुर्चीवरच्या चादरीखाली काहीतरी दाबत होते.

मी विचारले, "किती वेळ झाला हिला?"

"चाळीस मिनिटं," बेकरीवाला हळूच म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता.

ताईने डोळे उघडले. "अरे," ती म्हणाली, "आज जातच नाहीये रे. पाठीत, जबड्यात... जात नाहीये."

ज्या आवाजाने तिने मला आयुष्यभर दटावले, तो आवाज एवढासा झाला होता. मी आजवर इतका कधी घाबरलो नव्हतो.

गच्चीवरच्या मशीनरूमकडे धावलो, स्विच टाकला, खाली येऊन बटण दाबले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा लोकांदेखत ती लिफ्ट घरघरली. जिन्यावरच्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

"ती नादुरुस्त आहे!" सेक्रेटरी ओरडले.

टिंग झाले. दार उघडले. आत दिवा लागलेला, पंखा फिरतोय, आणि मधोमध एक स्टूल. स्टुलावर बाबांच्या गादीच्याच कापडाची गुबगुबीत उशी. बाबांना पाच मजले लिफ्टमध्ये उभ्यानेही सोसवत नव्हते.

बेकरीवाल्याने कुणाला काही विचारले नाही. ताईला उचलले आणि त्या उशीवर बसवले. खाली त्याची पावाची गाडी उभी होती. मी वाटेतच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

मनगटातून तार घालून त्यांनी नळी उघडली. रक्त परत वाहू लागले आणि त्याच क्षणी ताईच्या हृदयाचा ठेका साफ बिघडला. विजेचा झटका द्यावा लागला. बाईंनी नंतर समजावले की उपाशी स्नायूला परत आलेले रक्तही सोसत नाही कधीकधी, म्हणून ते सगळी तयारी ठेवूनच नळी उघडतात. मला ते लगेच पटले. गेलेली वीज परत येते तेव्हाच सगळ्यात जास्त फ्यूज उडतात, हे मला कोणी शिकवायला नको.

नळी उघडली तरी ताईला उठवेना. बाई म्हणाल्या, "रक्त मिळालं म्हणजे स्नायू लगेच कामाला लागतो असं नाही. तो बधिर होऊन पडलेला असतो. काही भाग आठ-पंधरा दिवसांत उठेल." मग म्हणाल्या, "काही उठणार नाही. तो त्या चाळीस मिनिटांत गेला."

चौथ्या दिवशी ताईने विचारले, "लिफ्ट नेमकी त्याच दिवशी कशी रे दुरुस्त झाली?"

मी सांगून टाकले. वही, सही, सगळे.

"चौदा महिने?"

"हो."

तिने भिंतीकडे तोंड फिरवले. दोन दिवसांनी भिंतीकडे बघतच म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग? जा, सगळ्यांना सांग."

पुढच्या शनिवारी मी दारावरची पाटी काढली आणि लिफ्टपाशी उभा राहिलो. लोक सहा-सहा करून वर गेले. कुणाला धाप नाही, कुणाच्या कपाळावर घाम नाही. बाबांनी डोळे मिटून हात पसरले. "कुणाला कळ आहे?"

कुणालाच नव्हती. सगळे ओशाळून एकमेकांकडे बघू लागले.

"खाली जा! चढून या!" बाबा कडाडले.

"का बरं?" बेकरीवाला पुढे आला. "गुण द्यायचा म्हणून आधी रोग द्यायचा? आणि तुम्हीही चला की आमच्याबरोबर. उशी मी घेतो."

मी खुर्चीची चादर ओढली. खाली न्हाव्याच्या दुकानातली जुनी खुर्ची निघाली, पायाने दाबायचा दांडा आणि तेलाचा ओघळ यांसकट. तांब्याच्या पट्ट्यांच्या वायरी मागच्या बाजूला नुसत्याच लोंबकळत होत्या. मग मी काउंटरचा आकडा सांगितला, सात मिनिटांचे सांगितले, दुसऱ्या चढणीचे सांगितले. शेवटी वही उघडून माझ्या चौदा सह्या दाखवल्या. ते सगळ्यात अवघड गेले.

सगळ्यांचे डोळे उघडले म्हणता? छे. सेक्रेटरी म्हणाले, लिफ्टच्या विजेने तरंग बिघडले. त्या खांदा दाबणाऱ्या बाई तर माझ्यावरच घसरल्या, "चांगला गुण येत होता, तुम्ही मोडलात!" निम्मे लोक निघून गेले. निम्म्यांनी डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून घेतला. बाबांनी आठवड्याभरात बस्तान हलवले. ऐकतो की आता ते अशा इमारतीत बसतात, जिला लिफ्टच नाही. माणूस अनुभवातून शिकतो.

ताई घरी आली. जड इस्त्री आता तिला उचलवत नाही. ती गिऱ्हाइकांशी बोलते, घड्या घालते, इस्त्री फिरवायला एक बाई ठेवली आहे. माझ्याशी बोलते, पूर्वीसारखे नाही.

त्या बाबाची मला चीड आहे, पण त्याने खोटी कळ दाखवली नव्हती आणि खोटा आरामही दाखवला नव्हता. दोन्ही खरे होते. खोटे होते ते फक्त कारण. आणि आपण नेमके तेच विचारत नाही. बरे वाटले की पाया पडायला मोकळे. बरे का वाटले, हे विचारायला पाच मजले चढावे लागत नाहीत.

माझ्या एकतीसही लिफ्टांमध्ये आता एक पाटी आहे. मजकूर डॉक्टरीणबाईंनी तपासून दिला, अक्षर माझे: 'छातीत दुखले तर बसा. पाच मिनिटांत थांबले नाही तर ताबडतोब इस्पितळात जा. थांबले तरी डॉक्टरांना दाखवा. थांबले म्हणजे बरे झाले असे नाही.'

पाटी लावली त्या दिवशी ताई ती वाचायला आली होती. वाचून झाल्यावर तिने दाराचे रूळ बोटाने तपासले, पंखा लावून बघितला आणि विचारले, "चालते ना नीट?"

"चालते," मी म्हणालो.

"वहीत लिही तसं," ती म्हणाली, आणि मी लिहून होईपर्यंत तिथेच उभी राहिली.